फळांसकट विकलेलं पेरूचं 'कलम' आणि पिशवीत काय निघालं

ऑगस्टमध्ये कोथरूडच्या एका सोसायटीच्या फाटकाशी पेरूची तीन रोपं विकली गेली. टेम्पोवाल्याने एकाचे ९०० रुपये घेतले, कारण त्याला तीन पेरू लटकत होते. बाकीची दोन ६००-६०० रुपयांना. तिन्ही 'तैवान पिंक', तिन्ही 'कलमी', तिन्ही 'कुंडीत बाराही महिने फळ देणारी', असं तोंडी सांगितलं. पावती नाही. गणपती बसायच्या आत फळं असलेलं पहिलं रोप वाळलं, तिसरं पिवळं पडत गेलं, दुसरं हिरवंगार राहिलं, पण तेही खोटंच ठरलं. तिन्हींची मुळं आणि बुंधे तपासले तेव्हा तीन निराळ्या फसवणुकी दिसल्या. असा माल पावसाळ्यात दारोदार येतो, म्हणून हे तपशिलात लिहीत आहोत.

सगळ्यात जास्त भूल पाडली ती फळांनी. पेरूला फूल येऊन फळ तयार व्हायला चार ते पाच महिने लागतात. म्हणजे ऑगस्टमधल्या फळाचं फूल मार्च-एप्रिलचं. गुटी, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळ्या फुटवून तिचं रोप करणं, मात्र बांधतात जून-जुलैत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरची अडीच सेंटीमीटर रुंदीची साल गोलाकार काढायची, तिथे ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लास्टिकचा कागद बांधून दोन्ही टोकं आवळायची. पाच-सहा आठवड्यांत मुळ्या सुटतात. हिशोब सरळ आहे: ती फळं मोठ्या झाडाच्या मुळांवर पोसलेली होती, या रोपाने एकही धरलेलं नव्हतं. फळं असलेली फांदी हेरून तिच्यावर गुटी बांधली आणि मुळ्या पुरत्या सुटायच्या आधीच कापून पिशवीत खोचली.

पिशवी फाडली तर आत लाल मातीचा थापून घट्ट केलेला गोळा, आणि त्याच्या पोटात गुटीचा प्लास्टिक कागद सुतळीसकट तसाच. कागदाच्या आत चार-पाच पांढऱ्या मुळ्या, दोन-तीन सेंटीमीटरच्या, बोट लागताच तुटणाऱ्या. बाहेरच्या मातीशी त्यांचा संबंधच आला नव्हता. एवढ्याशा मुळ्यांवर तीन फळं आणि भरगच्च पानं. आभाळ भरलेलं होतं तोवर रोप तगलं, चार दिवस कडक ऊन पडलं आणि पानं कडेने करपत गेली. ती तहान समजून पाणी वाढवलं गेलं, त्याने उरलेल्या मुळ्याही कुजल्या. गळालेला पेरू कापला तर गर पांढरा. तैवान पिंकचा गर गुलाबी असतो, त्यामुळे जातही खोटी.

गुटी वाईट नव्हे, हे आवर्जून सांगायला हवं. गुटीचं झाड आईच्याच गुणाचं होतं आणि लवकर फळतं. पण चांगली रोपवाटिका गुटी एकदम तोडत नाही. आधी अर्धा काप घेते, आठवडा-दहा दिवसांनी पूर्ण तोडते, कागद काढून पिशवीत लावते आणि महिना-दीड महिना सावलीत ठेवते. अशा रोपाला पिशवीत आल्यानंतरची कोवळी फूट दिसते. म्हणून फळं बघू नका, शेंडे बघा. पेरूची कोवळी काडी चौकोनी असते, बोटांत फिरवली की कडा लागतात. अशी ताजी फूट एकही नसेल आणि सगळी पानं जून, राठ असतील, तर रोप अजून जुन्या साठ्यावर जगतंय. बुंधा दोन बोटांत धरून हलवा. तो मातीत सैल हलला तर घेऊ नका.

असं रोप घरी आलंच असेल तर त्याच दिवशी सगळी फळं आणि फुलं तोडा, निम्मी पानं कमी करा, गोळा बादलीभर पाण्यात भिजवून कागद हलक्या हाताने सोडवा. भुसभुशीत मातीत लावून वरून पारदर्शक पिशवीची टोपी घाला आणि तीन-चार आठवडे सावलीत ठेवा. या काळात खत अजिबात नको.

दुसऱ्या रोपाला बुंध्यापासून एक वीत उंचीवर कलमाची पट्टी गुंडाळलेली होती. पट्टी सोडवली, खाली साल अखंड. काप नाही, सांधा नाही, काही नाही. बीपासून आलेल्या रोपाला नुसती पट्टी बांधून कलमाचा भाव लावला होता. खऱ्या पाचर कलमात खुंट, म्हणजे मुळांसकटचं खालचं रोप, १५ ते १८ सेंटीमीटरवर छाटून मधोमध चार-साडेचार सेंटीमीटरची खाच घेतात आणि पाचरीसारखी तासलेली कलमकाडी, म्हणजे हव्या त्या जातीची काडी, त्यात बसवतात. तो तिरका सांधा पट्टी काढल्यावरही बराच काळ दिसतो, तिथे थोडी गाठ असते, वर-खाली सालीचा रंग आणि पोत बदलतो. विकणाऱ्यासमोरच पट्टी थोडी उकलून बघा. जुळलेल्या कलमाला त्याने काही होत नाही आणि सांधा जुळला असेल तर प्रामाणिक माळी स्वतः उकलून दाखवतो.

बीच्या रोपात तोटा असा की फळासाठी बरीच वर्षं थांबावं लागतं आणि पेरूत परपरागीकरण होत असल्याने फळ आईसारखं येईल याची खात्री नसते. तरी हे रोप फेकू नका, तो आयता खुंट आहे. खात्रीच्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड काडी निवडा, तिची पानं पाच-सहा दिवस आधी खुडा, मग तीन-चार डोळ्यांची काडी कापून वरच्या पद्धतीने पाचर बांधा आणि पिशवीची टोपी घाला. साधारण दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, तीन आठवड्यांनी टोपी काढायची. सांध्याखालून आलेली प्रत्येक फूट मोडत राहा, नाहीतर खुंटच जोर धरतो आणि कलम मरतं.

तिसऱ्या रोपाची फसवणूक विकणाऱ्याला ठाऊक होती की नाही, सांगता येत नाही, पण नुकसान तिचंच मोठं. मुळं धुतल्यावर माळेसारख्या गाठी दिसल्या. त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या. पेरूत ही कीड रोपवाटिकेतल्या मातीतून पसरते. वर फक्त पानं लहान, पिवळी, कडेने तांबूस दिसतात आणि लोक खतावर खत घालत बसतात. कुंडीतल्या अशा रोपावर पैसे खर्च करू नका. निंबोळी पेंडीने जोर कमी होतो, कीड संपत नाही. रोप मातीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, वाफ्यात किंवा कंपोस्टात टाकू नका. कुंडी घासून धुऊन उन्हात वाळवा.

पावतीचं काय? महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९चा कायदा आहे आणि त्याखाली परवाना घ्यावा लागतो. तो क्रमांक विचारा. पावतीवर जातीचं नाव आणि 'गुटी' की 'पाचर कलम' हे लिहून घ्या. मोबाईलवरून पैसे दिल्याची नोंद फक्त पैसे दिल्याचं सांगते, काय विकलं ते सांगत नाही. पावती असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. टेम्पो निघून गेल्यावर तक्रार करायची कुणाविरुद्ध?

आणि 'तैवान'च हवं असा आग्रह का? सरदार, म्हणजे एल-४९, ही जात १९२७ साली आपल्या पुण्यात, गणेशखिंडच्या फळ प्रयोग केंद्रात निवडली गेली. पांढरा गोड गर, मऊ बी, पसरणारं झाड. इथल्या हवेत ती पिढ्यान् पिढ्या फळते आहे. गुलाबी गरच हवा तर लखनौच्या केंद्रीय फलोद्यान संशोधन संस्थेची 'ललित' ही जात आहे.

खरं रोप मिळालं की किमान १८ इंची, तळाला चार-पाच भोकं असलेली कुंडी घ्या. निम्मी माती, पाव भाग कुजलेलं शेणखत, पाव भाग कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती काळी माती घालू नका, पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळं गुदमरतात. सहा तास ऊन हवंच. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या. पेरूला फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे फळं उतरली की शेंडे १०-१५ सेंटीमीटर छाटा. पावसाळी फळात फळमाशीच्या अळ्या होतात आणि गोडीही कमी असते, म्हणून मार्च-एप्रिलची फुलं खुडून जून-जुलैची ठेवा, ती फळं थंडीत उतरतात. पहिल्या वर्षी मात्र कुठल्याही बहाराचं फूल ठेवू नका, दिसलं की खुडा.