तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम: वायर घेताना आमच्यासमोर झालेल्या तीन परीक्षा

घराची वायरिंग मुळापासून नवी करून घेतली आणि त्यात अडीचची (म्हणजे आतला धातू अडीच चौरस मिलिमीटर जाडीचा) म्हणून घातलेली बरीचशी वायर तांब्याची नव्हतीच. आत ॲल्युमिनियमची तार आणि तिच्यावर तांब्याचा पातळ थर. या धंद्यातले लोक तिला सीसीए म्हणतात, म्हणजे कॉपर क्लॅड ॲल्युमिनियम. ही तार काही लपूनछपून तयार होत नाही. हलकी असते म्हणून स्पीकरच्या कॉइलसाठी, काही सिग्नलच्या केबलींसाठी ती उघडपणे बनवली जाते आणि तिथे ती योग्यही असते. तिच्यावर पीव्हीसीचं (प्लास्टिकचं) आवरण चढवून, 'कॉपर' असं छापून घराच्या भिंतीत घालायला विकली, की मात्र ती शुद्ध फसवणूक असते.

आम्ही ती डोळे झाकून घेतली नव्हती. दुकानात आमच्यासमोर तिच्या तीन परीक्षा झाल्या आणि तिन्हींत ती पास झाली. या फसवणुकीची सगळी मेख तिथेच आहे, म्हणून त्या परीक्षांबद्दल आधी सांगतो.

पहिली चुंबकाची. दुकानदाराने वायरचं टोक सोलून चुंबक लावला. चिकटला नाही. "बघा साहेब, प्युअर कॉपर." चुंबक लोखंडाला चिकटतो. तांब्याला चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही नाही. म्हणजे आत पोलादी तार नाही एवढंच त्यातून कळलं, आणि आत पोलाद असल्याची शंका कोणालाच नव्हती.

दुसरी लायटरची. वायर पेटवली, लायटर बाजूला केला, ज्योत विझली. "एफआर आहे, आग धरत नाही." ऐकायला बरं वाटतं. पण पीव्हीसीत मुळातच क्लोरीन असतं, त्यामुळे साधी पीव्हीसीसुद्धा ज्योत काढून घेतल्यावर बहुधा आपोआप विझते. एफआर म्हणजे आग पसरू नये म्हणून खास बनवलेली पीव्हीसी. तिची खरी चाचणी प्रयोगशाळेत, ठरलेल्या ज्योतीवर आणि ठरलेल्या वेळेत होते. काउंटरवर होत नाही. आणि आवरणाचा आतल्या धातूशी तर काहीच संबंध नाही.

तिसरी तारा मोजण्याची. ही सगळ्यांत पटणारी होती. अडीचच्या फ्लेक्झिबल वायरची नेहमीची बांधणी म्हणजे 0.3 मिलिमीटर जाडीच्या 36 तारा. त्याने टोक उलगडून मोजून दाखवल्या, बरोबर 36 भरल्या. रंगही लालसर तांब्याचाच. आता यापेक्षा वेगळं काय बघणार?

आज विचार करताना एक गोष्ट स्वच्छ दिसते. या तिन्ही परीक्षा खऱ्या होत्या, त्यात हातचलाखी नव्हती. फक्त त्या अशा निवडलेल्या होत्या की खोटी वायर त्यात नापास होणारच नाही. विकणारा एखादी परीक्षा स्वतःहून, न विचारता करून दाखवायला लागला, तर ती परीक्षा नेमकं काय सिद्ध करते हे तिथेच विचारा.

प्रकार उघडकीला आला तो गिझरच्या पॉइंटवर. गिझर चालू असताना सॉकेटची पट्टी हाताला गरम लागायची आणि मधूनच जळक्या प्लास्टिकचा वास यायचा. ज्याने काम केलं होतं त्या वायरमनने येऊन स्क्रू आवळून दिले. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. शेवटी दुसऱ्या वायरमनला बोलावलं. त्याने मेन बंद केला, पट्टी उघडली आणि वायर बाहेर ओढली. टर्मिनलपासून बोटभर अंतरापर्यंत लाल आवरण तपकिरी पडून कडक झालं होतं. नखाने दाबलं तर पापुद्रा निघाला. आतल्या तारांपैकी काही आधीच तुटलेल्या होत्या. एक त्याने मागेपुढे वाकवली, ती लगेच तुटली. त्याने ब्लेडच्या धारेने दुसरी तार हलकेच खरवडली. लालसर रंग पावडरीसारखा निघून आला आणि खाली पांढरी, चंदेरी धातू. "हे तांबं नाही दादा," तो म्हणाला. मग त्याने इतर बोर्ड उघडले. उजेडाच्या पॉइंटची दीडची वायर खरी निघाली. पावर पॉइंटला गेलेली बहुतेक अडीचची वायर सीसीए होती.

यात बिघडलं कुठे? वायर तापली म्हणजे जास्त जाडीची टाकायची, एवढंच ना, असं मला काहींनी विचारलं. तेवढंच नाही.

तांब्याच्या मानाने ॲल्युमिनियमची वीजवाहकता साधारण 61 टक्के असते. तांब्याचा थर धरून सीसीए त्याच्या किंचित पुढे जाते. वायरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयईसी 60228 प्रमाणे, अडीचच्या फ्लेक्झिबल तांब्याच्या वायरचा रोध (विजेला होणारा अडथळा) 20 अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे 7.98 ओहमपेक्षा जास्त नसावा. दहा मीटरवरच्या पॉइंटला फेज आणि न्यूट्रल मिळून वीस मीटर वायर लागते, म्हणजे 0.16 ओहम. पंधरा अँपिअर घेणारं यंत्र लावलं की त्या वायरीत 36 वॉट उष्णता तयार होते. तेवढ्याच जाडीची सीसीए असेल तर 50 वॉट किंवा त्याहून जास्त. ती उष्णता भिंतीतल्या बंद पाइपात, इतर वायरींच्या गर्दीत कोंडलेली राहते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा 70 अंश असते. ती रोज ओलांडली गेली की आवरण कडक होतं आणि तडकतं.

तरी वायरच्या लांबीत तयार होणाऱ्या उष्णतेपेक्षा जॉइंटची मला जास्त भीती वाटते. तारा सोलताना, स्क्रूखाली दाबताना तांब्याचा थर खरवडला जातो आणि ॲल्युमिनियम उघडं पडतं. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा थर येतो, आणि त्यातून वीज नीट जात नाही. शिवाय ॲल्युमिनियम मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरत जातं. गरम झाल्यावर ते तांब्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश जास्त प्रसरण पावतं. रोज गिझर लावला की तापायचं, फुगायचं, निवलं की आकसायचं. पकड ढिली होते, रोध वाढतो, जॉइंट आणखी तापतो. आमचे स्क्रू आवळून काही दिवसच बरं वाटलं, त्याचं कारण हेच.

आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच, का पडला नाही? हा प्रश्न सगळेच विचारतात, कारण घराघरात समज असा असतो की एमसीबी आहे म्हणजे निर्धास्त. एमसीबी फक्त प्रवाह बघतो. सैल जॉइंट तापून लाल झाला तरी प्रवाह गिझरचा आहे तेवढाच राहतो, किंबहुना किंचित कमीच होतो. विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या आरसीसीबीलाही ते कळत नाही, त्याला फक्त गळती समजते. दुसरं म्हणजे, घरगुती एमसीबीच्या मानकाप्रमाणे 20 अँपिअरचा एमसीबी 22.6 अँपिअरला तासाभरात पडता कामा नये, आणि 29 अँपिअरला तासाच्या आत पडला पाहिजे. मधल्या टापूत तो बराच वेळ गप्प राहू शकतो. खरी अडीचची वायर नीट घातलेली असेल तर ती हे सहज सोसते, त्या हिशेबानेच एमसीबी निवडलेला असतो. वायर खोटी निघाली की तो सगळा हिशेबच कोसळतो, आणि त्याची खबर एमसीबीला नसते.

पुढे उरलेलं न वापरलेलं एक बंडल तपासलं तर त्यात वेगळाच प्रकार निघाला. तांबं अस्सल होतं, खरवडल्यावर आतपर्यंत लालच. तारा 36. पण मायक्रोमीटरवर प्रत्येक तार 0.25 मिलिमीटर भरली. ऐकायला पाच शतांश मिलिमीटरचा फरक आहे. गणित केलं तर 0.3 च्या 36 तारांचं क्षेत्रफळ 2.54 चौरस मिलिमीटर येतं आणि 0.25 च्या 36 तारांचं 1.77. म्हणजे अडीच छापलेल्या वायरीत तीस टक्के तांबं गायब. आवरण मात्र जाड, त्यामुळे हातात धरल्यावर वायर चांगली भरदार वाटते. बाहेरच्या जाडीवरून वायर जोखू नये ते यासाठीच.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तराजू लागतो. एक चौरस मिलिमीटर जाडीची एक मीटर तार म्हणजे एक घन सेंटिमीटर धातू, आणि तांब्याचा घन सेंटिमीटर 8.9 ग्रॅम भरतो. म्हणून अडीचच्या वायरीत मीटरमागे सुमारे 22 ग्रॅम तांबं असायला हवं. मानकात वजन ठरवलेलं नाही, रोध ठरवलेला आहे, त्यामुळे प्रामाणिक कंपनीची वायरही थोडी कमी, 19-20 ग्रॅमपर्यंत भरू शकते. त्यावरून भांडू नका. पण बारीक तारांची वायर 16 ग्रॅमच्या आत येते आणि सीसीए आठ-नऊ ग्रॅमवर थांबते. इतका फरक लपत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतात, म्हणून तीन मीटरचा तुकडा घ्या, आवरण पूर्ण सोला आणि नुसती धातू तोला. साठ ग्रॅमच्या आसपास काटा आला तर ठीक. पंचवीसवर थांबला तर ते बंडल परत करा.

अख्ख्या बंडलाचं वजनही बोलतं. अडीचच्या 100 मीटरच्या बंडलात दोन किलोच्या आसपास नुसतं तांबं हवं, आवरणाचं वजन वेगळं. खोटं बंडल उचलताच हलकं लागतं, पण तुलनेला खात्रीचं बंडल जवळ असेल तरच हाताला ते कळतं. काटा बरा.

मल्टिमीटर असेल तर बंडलाची दोन्ही टोकं सोलून रोध बघा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा, नाहीतर माप फुकट जाईल. अडीचच्या 100 मीटरला 0.8 ओहमच्या आत आकडा यायला हवा, उन्हाळ्यात किंचित वर. सीसीए 1.1 च्या पुढे जाते. हीच परीक्षा कमी लांबीच्या बंडलात मात्र फसवू शकते. दहा मीटर वायर कमी असेल तर रोधही कमी दिसतो आणि आपल्याला वायर चांगली वाटते. म्हणून आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतील तर सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही वाचा.

ब्लेडने खरवडणं हे तर उभ्याउभ्या करता येतं. पण नुसतं वरच्या एका बंडलावर थांबू नका. आम्हाला जे उघडून दाखवलं ते आणि जे घरी आलं ते एकच होतं की नाही, हे आजही मला सांगता येणार नाही.

आवरणाबद्दल थोडक्यात. वायर घट्ट दुमडली आणि दुमडीवर पांढरट रेघ उठली तर पीव्हीसीत खडूची भुकटी वाजवीपेक्षा जास्त आहे असं समजा. अक्षरं ओल्या कापसाने पुसली जाता कामा नयेत. आवरण सर्व बाजूंनी सारखं जाड हवं, एका बाजूला तार कडेला आलेली नको. आणि परीक्षेसाठी पीव्हीसी घरात जाळू नका, त्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतं, ते घशाला आणि फुप्फुसाला वाईट.

आम्ही दुकानात परत गेलो तेव्हा उत्तर तयार होतं: "कापलेली वायर परत घेत नाही." बिलावर नुसतं 'वायर बंडल' आणि संख्या. कंपनी नाही, जाडी नाही, तांबं असा शब्दच नाही. वेष्टनं वायरमनने काम करतानाच फेकलेली. म्हणजे भिंतीतली वायर त्याच दुकानातली आहे हे दाखवायला हातात काही उरलंच नाही. वायरमन म्हणाला दुकानदाराने दिलं, दुकानदार म्हणाला वायरमनने बदललं असेल. दोघांपैकी कोण खोटं बोलत होतं ते कळलं नाही. बिलावर कंपनी, जाडी, 'कॉपर' हा शब्द आणि बॅच नंबर लिहून घ्या, नाही म्हणाला तर दुकान बदला. वेष्टन आणि प्रत्येक बंडलाचा हातभर तुकडा काम संपल्यावरही जपून ठेवा.

भिंतीत आधीच गेलेल्या वायरची शंका असेल तर सगळं घर फोडायची घाई नको. गिझर, एसी, इस्त्री, ओव्हन अशा जास्त प्रवाहाच्या लाइनी आधी उघडून बघा. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, आणि हे काम जाणत्या वायरमनकडूनच. पट्टी गरम लागते, वास येतो, प्लग लावताना तडतडतं अशा पॉइंटचा वापर त्या क्षणापासून थांबवा. स्क्रू आवळून पुन्हा चालू करू नका. जड लाइन बदलेपर्यंत तिथला एमसीबी कमी अँपिअरचा बसवून घेता येतो. त्याने वायरमधली उष्णता आटोक्यात येते, सैल जॉइंट मात्र तसाच राहतो. वायर बदलताना जुन्याच पाइपातून ओढता येते, जुनी वायरच नवी ओढून आणते. फक्त मध्ये कुठे पाइपात जॉइंट मारू देऊ नका, आणि टर्मिनलमध्ये मावत नाही म्हणून चार तारा छाटू देऊ नका. अस्सल तांब्याची अडीचची वायर त्या टोकाला सव्वादोनची होते, आणि तापते नेमकी तिथेच.

आमच्या पाइपातून निघालेली सगळी वायर आम्ही हातभर तुकडे करून भंगारात दिली. अख्खी द्या, जरा जास्त देतो, असं भंगारवाला म्हणाला होता. अखंड वायरीचं पुन्हा बंडल बांधता येतं, तुकड्यांचं नाही.