पावती एका भिंगाची, डोळ्यात दुसरेच

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अपेक्षेप्रमाणे दिसत नाही, ही तक्रार दर वेळी फसवणुकीचीच असते असे नाही, हे आधीच स्पष्ट करतो. डोळ्याची लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तरी भिंगाच्या नंबरात अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो, आणि ज्यांनी पूर्वी चष्मा घालवण्यासाठी लेसर करून घेतले आहे किंवा ज्यांचा उणे नंबर फार मोठा आहे, त्यांच्या बाबतीत निष्णात डॉक्टरांचाही अंदाज चुकू शकतो. माझ्या वडिलांची मोजणी बिनचूक होती आणि शस्त्रक्रियाही सफाईने झाली होती. गोम भिंगातच होती.

पुण्यातील एका खासगी नेत्ररुग्णालयात डॉक्टरांनी अण्णांना उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया सुचवली आणि पुढचे सगळे बोलणे त्यांच्या दालनाबाहेर, काउन्सेलरच्या टेबलापाशी झाले. दूरचे तेवढे स्पष्ट दाखवणारे मोनोफोकल भिंग मेडिक्लेमच्या मर्यादेत बसत होते. दूरचे, संगणकाच्या अंतरावरचे आणि वाचनाचे अशी तिन्ही अंतरे दाखवणाऱ्या परदेशी ट्रायफोकल भिंगासाठी मात्र वरचे पासष्ट हजार रुपये आपल्या खिशातून भरायचे होते. ‘काका, रोज पेपर वाचता ना? मग चष्म्याची कटकट आयुष्यभर कशाला मागे लावून घेता?’ असे त्या बाई आर्जवाने म्हणाल्या आणि अण्णा तयार झाले. एक गोष्ट त्यांनी अगदी खरी सांगितली होती. अशा भिंगात येणारा प्रकाश वेगवेगळ्या अंतरांसाठी वाटला जातो, त्यामुळे रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि त्यांची सवय व्हायला काही महिने लागतात, हे त्यांनी आम्हाला बजावले होते.

पट्टी निघाली आणि अण्णांना रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी लख्ख दिसू लागली. वर्तमानपत्रातील मथळ्याखालचा मजकूर मात्र काही केल्या लागेना. मोबाइलवरचा निरोप वाचायला ते हात पूर्ण लांब करीत आणि तरीही शेवटी माझ्याकडेच फोन देत. पुढच्या तपासणीला आम्ही हे सांगितले, तेव्हा ‘मेंदूला सवय होऊ द्या, सहा महिने थांबा’ असे उत्तर मिळाले. त्याच वेळी अण्णांनी कौतुकाने सांगितले की, तुम्ही म्हणाला होतात ती वलये मला एकदाही दिसली नाहीत. त्यावर तिथल्या कनिष्ठ डॉक्टरांनी त्यांचे अभिनंदन केले. सवय व्हावी लागते ती वलयांची. ती ज्याला मुळात दिसतच नाहीत आणि जवळचेही दिसत नाही, त्याच्या मेंदूने नेमकी कशाची सवय करून घ्यायची, हे त्यांनी सांगितले नाही.

नंतर ‘भिंगामागचा पापुद्रा धूसर झाला असेल, लेसर करू’ असा सल्ला आला. असा पापुद्रा खरोखरच धूसर होतो आणि याग लेसरने तो काही मिनिटांत मोकळाही करता येतो. परंतु एकदा त्याला भोक पाडले की पुढे भिंग बदलायची वेळ आल्यास ते काम बरेच अवघड आणि जोखमीचे होऊन बसते. म्हणून लेसरपूर्वी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले. त्यांनी बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले, अण्णांची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बराच वेळ बारकाईने पाहिले. पापुद्रा स्वच्छ होता. बहुतेक ट्रायफोकल भिंगांवर एकात एक अशी बारीक वर्तुळे कोरलेली असतात आणि बाहुली मोठी केल्यावर ती यंत्रातून सहज दिसतात. अण्णांच्या भिंगावर एकही वर्तुळ नव्हते. काही नव्या प्रकारच्या भिंगांवर वर्तुळे नसतातही, त्यामुळे एवढ्यावरून आरोप करू नका, आधी स्टिकर मिळवा, असे ते म्हणाले.

भिंगाच्या डबीसोबत कंपनीचे छापील स्टिकर येतात. त्यांवर भिंगाचे मॉडेल, नंबर, अनुक्रमांक आणि मुदत असते. एक स्टिकर रुग्णालयाच्या केसपेपरवर लावतात आणि एक रुग्णाच्या कार्डावर. आमच्या कार्डावर स्टिकरच्या चौकटीत कोणीतरी निळ्या पेनाने ‘ट्रायफोकल’ असे लिहून त्यावर रुग्णालयाचा शिक्का मारला होता. स्टिकर मागितल्यावर ‘संपले होते’, ‘फाइल दुसऱ्या शाखेत आहे’ अशी उत्तरे मिळत राहिली.

आम्हाला तो सापडला अनपेक्षित ठिकाणी. कॅशलेस दाव्यासोबत विमा कंपनीला भिंगाचा स्टिकर आणि बिल जोडावे लागते. आम्ही विमा कंपनीकडे आमच्याच दाव्याची कागदपत्रे मागितली, तर त्यांत स्टिकरची स्वच्छ प्रत होती: भारतीय बनावटीचे, मोनोफोकल भिंग. म्हणजे विमा कंपनीला खरे भिंग दाखवून तिच्याकडून पैसे घेतले होते आणि न बसवलेल्या भिंगाचे पासष्ट हजार आमच्याकडून वेगळ्या पावतीवर घेतले होते. त्या पावतीवर भिंगाचे नावही नव्हते, नुसते ‘प्रीमियम पॅकेज फरक’ एवढेच. बसवलेले भिंग वाईट होते, असा आमचा दावा नाही. तशी भिंगे देशात असंख्य लोकांच्या डोळ्यांत उत्तम काम करीत आहेत आणि अण्णांचा मधुमेह व पडद्यावरचे किरकोळ बदल पाहता ‘मी यांना ट्रायफोकल सुचवलेच नसते’ असे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे आधी गैरलागू वस्तू गळी उतरवली आणि मग तीही दिली नाही.

आपल्या वैद्यकीय नोंदी लेखी मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हा नियम नमूद करून, अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊन आम्ही केसपेपर मागितले. कागद येण्याआधी व्यवस्थापकांचा फोन आला: डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया इथेच करा, फरकाची रक्कम त्यात वळती करून देतो. आम्ही नकार दिला. मग आलेल्या केसपेपरवरही तोच स्टिकर होता.

भिंग बदलण्याचा विचार आम्ही सोडला, कारण ते डोळ्यात नीट बसले आहे आणि या वयात ते काढण्याचा धोका अण्णांना पत्करायचा नाही. ते वाचताना अडीच नंबरचा चष्मा लावतात. डावा डोळा दुसरीकडे केला. तिथे साधेच भिंग घेतले, शस्त्रक्रियेपूर्वी परिचारिकेकडून बंद डबीवरचे मॉडेल, नंबर, मुदत आणि छापील किंमत पाहून घेतली आणि कार्डावर स्टिकर लागल्याशिवाय अंतिम बिलावर सही केली नाही. पहिल्या रुग्णालयाविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल आहे. अशी तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. वेगळ्या पावतीची मूळ प्रत, निळ्या पेनाने लिहिलेले कार्ड आणि विमा कंपनीकडून मिळालेली स्टिकरची प्रत आम्ही तिच्यासोबत जोडली आहे. रुग्णालयाने लेखी म्हणणे मांडण्यासाठी मुदतवाढ मागितली आहे.