डीव्हीडी लॅपटॉपवर उतरवण्याचं सॉफ्टवेअर: काही महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉप बदलला आणि पैसे मोजून घेतलेलं डीव्हीडी कॉपी करायचं सॉफ्टवेअर अडून बसलं. म्हणे परवाना दुसऱ्या मशीनवर वापरात आहे. ते दुसरं मशीन कधीच बंद पडलंय, तिथून परवाना सोडवू कसा, असं सपोर्टला विचारलं. उत्तर आलं की नव्या मशीनसाठी सवलतीत पुन्हा घ्या. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच छापील उत्तर. एकाच कामाचे दोनदा पैसे देणाऱ्यांपैकी मी नाही. त्या तिरीमिरीत मेकएमकेव्ही आणि हँडब्रेक ही फुकटची जोडी बसवली.

माझा साठा बहुतेक घरचाच आहे. काही कॅमकॉर्डरने थेट डिस्कवर घेतलेलं, काही जुन्या टेपवरून रेकॉर्डरने उतरवलेलं. त्यामुळे कॉपी प्रोटेक्शनची भानगड नव्हती. विकतच्या डिस्कवर ते असतं, हँडब्रेक ते स्वतःहून तोडत नाही, आणि तोडणं कायद्यात बसतं का हे देशागणिक बदलतं. आपापलं बघून घ्या.

मेकएमकेव्ही डिस्कवरचा एमपेग-२ (डीव्हीडीचा नेहमीचा फॉरमॅट) व्हिडिओ आणि आवाज जसाच्या तसा उचलून एमकेव्ही फाइलमध्ये ठेवतं. हँडब्रेक तोच व्हिडिओ एच.२६४ किंवा एच.२६५ या नंतरच्या फॉरमॅटमध्ये दाबून लहान करतं. आता सिंगल लेअर डिस्क ४.७ जीबीची, ड्युअल लेअर ८.५ जीबीची. जसंच्या तसं उचलायचं म्हणजे तेवढीच जागा जाणार. हार्ड डिस्क भरत चालली तशी माझी चिडचिड वाढली. हँडब्रेक थेट डिस्कवरून वाचतं, मग हा मधला टप्पा कशाला? सुरुवातीला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो की मेकएमकेव्हीच्या नादी लागू नका.

हे मत बदललं ते एका झोक्यामुळे. आणि आता जे सांगणार आहे ते बहुतेकांना फालतू वाटेल, पण मला त्यानेच पछाडलंय.

पाल (PAL, आपल्याकडची जुन्या टीव्हीची पद्धत) कॅमकॉर्डरच्या चित्रणात सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोन्ही सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेल्या. जुन्या टीव्हीवर त्या एकामागून एक दिसायच्या. लॅपटॉपवर एकदम दिसतात, आणि हलणाऱ्या हाताच्या कडेला फणीचे दात उमटतात. हँडब्रेकचं ‘फास्ट ५७६पी२५’ प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग्जचा संच, हे दात काढतं, पण सोबत निम्मी हालचालही जाते. ५० क्षणांचे २५ उरतात. पुतणी झोक्यावर आहे. जुन्या टीव्हीवर झोका सलग जायचा-यायचा. उतरवलेल्या फाइलमध्ये मात्र अगदी खाली, जिथे वेग सर्वात जास्त, तिथे तो बारीक धक्के खातो. घरात कुणालाही ते जाणवत नाही. बायको म्हणाली, “पोरगी दिसतेय ना? मग झालं तर.” मला नाही जमलं.

उपाय हँडब्रेकमध्येच होता. फिल्टर्समध्ये डीइंटरलेसला (हे दात काढण्याची सोय) याडिफ ही पद्धत निवडायची, त्याचा प्रीसेट ‘बॉब’ करायचा. मग प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम होते. एवढ्यावर थांबलात तर काही उपयोग नाही. व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट २५ वरच अडकलेला असतो, तो ५० करायचा. एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्हीची पद्धत) डिस्क असेल तर ५९.९४. फिल्मवर चित्रित केलेल्या सिनेमांना याची गरज नसते. क्वालिटी आरएफ २० (आकडा जितका कमी, तितकं चित्र चांगलं) ठेवली, फाइल तरीही मूळच्या निम्म्याहून लहान झाली. झोका सरळ झाला.

मग जे जे आधी उतरवलं होतं ते सगळं पुन्हा करायला घेतलं, आणि तेव्हा मेकएमकेव्हीची किंमत कळली. मूळ एमकेव्ही जागेवर होत्या, त्यामुळे एकही डिस्क पुन्हा ड्राइव्हमध्ये घालावी लागली नाही. रात्री हँडब्रेकच्या क्यूमध्ये, म्हणजे कामांच्या रांगेत, सगळ्या फाइल्स टाकल्या आणि झोपलो. काही डिस्क पहिल्याच वाचनाला कुरकुरत होत्या, त्यांना परत त्रास द्यायची माझी तयारी नव्हती. आता मूळ फाइल्स वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत. जागेबद्दल मी अवाक्षर काढत नाही.

मेकएमकेव्हीवर एक राग अजून आहे. ते १२० सेकंदांपेक्षा लहान टायटल, म्हणजे डिस्कवरचा व्हिडिओचा स्वतंत्र तुकडा, आपणहून वगळतं. सिनेमांच्या डिस्कसाठी ठीक, पण घरच्या डिस्कवर अर्ध्या मिनिटाचे तुकडेच जास्त असतात. सेटिंग्जमध्ये हा आकडा शून्य करून टाका, तेही पहिली डिस्क घालण्याआधी. हँडब्रेकमध्येही अशी मर्यादा असते, पण ती दहा सेकंदांची, म्हणून तिचा जाच नाही.

कॅमकॉर्डरच्या छोट्या आठ सेंटिमीटरच्या डिस्क असतील तर त्या खाचेतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, अडकतात. ट्रेवाला ड्राइव्ह लागतो. आणि ज्या फायनलाइझ केलेल्या नाहीत, म्हणजे रेकॉर्डिंग संपवून इतर मशीनवर वाचता येतील अशा बंद केलेल्या नाहीत, त्यांच्यापुढे ही जोडी हात टेकते. कॅमेरा चालू असेल तर त्यातच घालून फायनलाइझ करून घ्यायच्या. माझ्याकडे अशा काही निघाल्यात. कॅमेरा सापडलाय, त्याचा चार्जर सापडत नाहीये.