पिंग्री की न्यूअर्क अकॅडमी? न्यू जर्सीतल्या पालकांसाठी

ब्रिजवॉटर, पार्सिपनीसारख्या गावांतल्या मराठी घरात मूल चौथी-पाचवीत गेलं की जेवताना हा विषय निघतोच. पब्लिक स्कूल चांगलं आहे, प्रॉपर्टी टॅक्सही भरतोय, मग प्रायव्हेट कशाला? प्रश्न रास्त आहे आणि माझ्या मते इथल्या बऱ्याच गावांत पब्लिक स्कूलच पुरेसं आहे. पण ज्यांचं प्रायव्हेटचं ठरलंय आणि मूल बोर्डिंगला मात्र धाडायचं नाही, त्यांच्यापुढे ही दोन नावं येतात. दोन्ही डे स्कूल, म्हणजे पोर संध्याकाळी घरी. दोन्हींचा सगळा रोख कॉलेजच्या तयारीवर. वरच्या वर्गांची फी दोन्हीकडे वर्षाला 50 हजार डॉलरच्या वर, त्यामुळे फीवरून निवड होत नाही. उत्पन्न पाहून मिळणारी मदत दोन्हीकडे आहे. संकोच न करता अर्ज करा.

न्यूअर्क अकॅडमी 1774 ची. तेव्हा अमेरिका स्वतंत्रही झाली नव्हती. 25 जानेवारी 1780 च्या रात्री, हडसन नदी गोठलेली असताना, बर्फावरून आलेल्या ब्रिटिश सैनिकांनी शाळेची इमारत जाळली. त्याच रात्री दुसऱ्या तुकडीने जवळच्या एलिझाबेथटाउनवरही छापा घातला. शाळा पुन्हा उभी राहायला 1792 उजाडलं. तिचे संघ आजही 'मिनिटमेन' म्हणून खेळतात. हाक येताच बंदूक घेऊन निघणाऱ्या त्या काळच्या स्वयंसैनिकांचं हे नाव. 1964 मध्ये शाळा न्यूअर्क शहर सोडून लिव्हिंग्स्टनला आली आणि 1971 पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

पिंग्रीची सुरुवात 1861 मध्ये त्याच एलिझाबेथटाउनमध्ये, म्हणजे आताच्या एलिझाबेथ गावात झाली. जॉन पिंग्री यांनी मुलग्यांसाठी ती काढली. पुढे ती हिलसाइडला गेली, 1974 मध्ये शॉर्ट हिल्सच्या एका शाळेशी एकत्र झाली, त्याच सुमारास मुलीही आल्या आणि 1983 पासून वरचे वर्ग मार्टिन्सव्हिलजवळच्या प्रशस्त आवारात भरतात. दुसऱ्या महायुद्धातले अ‍ॅडमिरल हॉल्सी इथलेच विद्यार्थी.

जुनेपण दोघींकडे आहे, त्याला भुलू नका. फरक स्वभावात आहे.

पिंग्रीचा कणा म्हणजे तिथला ऑनर कोड. तो 1926 मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः आणला. कोणी बघत नसतानाही प्रामाणिक राहायचं, असा त्याचा आशय. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक फेऱ्या मारत असतात आणि प्रत्येकाची मान पेपरात असते. त्या वातावरणात वाढलेल्या आई-बाबांना मुलावर असा विश्वास टाकणारी शाळा पाहून आधी धाकधूक वाटते, मग हेवा. शाळेचं लॅटिन ब्रीदवाक्यही त्याच जातीचं आहे: मुलांचा सर्वाधिक मान राखायला हवा. मोठ्यांचा मान राखा हे आपण लहानपणापासून ऐकलं; इथे ते उलट्या बाजूने लिहिलंय.

पिंग्री बालवाडीपासून बारावीपर्यंत आहे. याचा फायदा सलगतेचा. पण सहावीत किंवा नववीत नव्याने जाणाऱ्या मुलाला आधीपासून जमलेल्या मैत्रीत शिरावं लागतं, हे विचारात घ्या. न्यूअर्क अकॅडमी सहावीपासूनच सुरू होते, त्यामुळे सहावीत सगळेच नवे. शिवाय ती आकाराने लहान, पिंग्रीच्या जवळपास निम्मी. बुजऱ्या मुलाला मी सहावीत इथेच घालेन.

अभ्यासात न्यूअर्क अकॅडमीचं वेगळेपण म्हणजे अकरावी-बारावीत घेता येणारा आयबी डिप्लोमा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा जगभर चालणारा अभ्यासक्रम. पुण्या-मुंबईत आयबीचं नाव आता परकं नाही. मुळशीच्या महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये तोच शिकवतात. सहा विषय, ज्ञान म्हणजे काय यावरचा एक स्वतंत्र कोर्स आणि स्वतः विषय निवडून लिहायचा 4,000 शब्दांपर्यंतचा निबंध. लिहायला-वाचायला आवडणाऱ्या मुलासाठी हा खुराक आहे. फक्त गणितात रमणाऱ्या आणि निबंध म्हटलं की तोंड फिरवणाऱ्या मुलाला मात्र तो डिप्लोमा जड जाईल. जबरदस्ती करू नका. इथे 'जून टर्म' म्हणूनही एक प्रकार आहे: वर्षाच्या शेवटी नेहमीचे तास बाजूला ठेवून मुलं एकाच विषयात बुडी मारतात.

अंतराचं गणित साधं आहे. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिराच्या आसपास घर असेल तर पिंग्री जवळ. पार्सिपनी, मिलबर्न किंवा लिव्हिंग्स्टनकडे असाल तर न्यूअर्क अकॅडमी. खेळ आणि नाटकाच्या तालमी संपेपर्यंत संध्याकाळ होते. त्यापुढे पाऊण तासाची गाडी रोज सहा-सात वर्षं मूल सोसेल का, हे नकाशा बघून नाही, एकदा सकाळी साडेसातला खरंच गाडी काढून ठरवा.

भेटीला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या आणि शाळा दाखवायला आलेल्या विद्यार्थ्याशी त्यालाच बोलू द्या. आपण दोन पावलं मागून चालावं. पिंग्रीत विचारायला सांगा: ऑनर कोड कोणी मोडला तर पुढे काय होतं? न्यूअर्क अकॅडमीत: आयबी न घेणाऱ्यांचे दिवस कसे जातात?