जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र: कमी दिवसांच्या बाळाला वरचा आहार कधी, याचं नीट उत्तर इथे मिळालं

माझी नात ३२ आठवड्यांची जन्मली, वजन १४५० ग्रॅम. एसएनसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातून, घरी सोडताना कार्डावर डीईआयसीत फेरतपासणीला यायची तारीख लिहून दिली होती. बाळ घरी आलं, दूध ओढायला लागलं की ही तारीख पुष्कळ घरांत बुडते. ती कुणी बुडवू नये, म्हणून हे लिहिते आहे.

डीईआयसी म्हणजे जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ते चालतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. तपासणी, व्यायाम, सल्ला सगळं मोफत.

मी अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले. सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि मग वरचा आहार, हे गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला सांगत आले. त्यामुळे केंद्रातली माणसं काय सांगतात, कसं सांगतात, याकडे माझं बारीक लक्ष होतं.

नातीला सहा महिने होत आले तेव्हा सूनबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "आता पेज सुरू करू का?" त्यांनी कार्ड उलटं केलं आणि मागे आकडे मांडले. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ही ३२ व्या आठवड्यात आली, म्हणजे ८ आठवडे आधी. आजच्या वयातून ते वजा करा. "घरच्या हिशेबानं सहा महिने, पण आहारासाठी ती चारच महिन्यांची धरायची. हे तिचं करेक्टेड वय." लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, त्यात काही वजा करायचं नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. या दोन हिशेबांत घरोघरी गोंधळ होतो.

मी विचारलं, "वजन कमी आहे, तर लवकर खायला घालून भरून निघणार नाही का?" आमच्या शेजारपाजारचं सगळ्यांचं मत तेच होतं. डॉक्टरांनी उत्तर टाळलं नाही. आपल्याच देशातल्या तीन सरकारी रुग्णालयांत ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या ४०३ बाळांवर अभ्यास झाला, २०१७ साली तो छापून आला. निम्म्यांना करेक्टेड चार महिन्यांना वरचा आहार दिला, निम्म्यांना सहा महिन्यांना. वर्षाच्या शेवटी वजनात फरक नव्हता. लवकर सुरू केलेल्या बाळांना रुग्णालयात भरती करायची वेळ मात्र जास्त आली. "पातळ पेजेत आईच्या दुधापेक्षा ताकद कमी असते. पोट भरतं, दूध कमी ओढलं जातं, आणि वजन होतं तिथेच राहतं," असं ते म्हणाले. परदेशात काही ठिकाणी याहून आधीही सुरू करतात, जगभर एकच नियम नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मला हा माणूस पटला तो इथे.

पण नुसत्या आकड्यावर त्यांनी सोडलं नाही. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी नातीचे हात धरून तिला अलगद उठतं केलं आणि मान मागे पडते का ते पाहिलं. मांडीवर आधार देऊन बसवलं. कोरडा चमचा ओठांना लावला, तर तिनं जिभेनं तो बाहेर ढकलला. "अजून वेळ आहे," मॅडम म्हणाल्या, आणि पोटावर पालथं ठेवायचे व्यायाम सूनबाईंकडून करून घेतले, नुसते दाखवले नाहीत. पुढे जाऊन मान ठरली, आधारानं बसू लागली, आमच्या घासाकडे हात न्यायला लागली, जीभ ढकलायची थांबली. तेव्हा होकार आला.

लोहाचे थेंब देता ना, असं तर केंद्रात दर वेळी विचारतात. बाळाच्या अंगात लोह साठतं ते पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत, आणि अशा बाळांना ते महिने पुरते मिळतच नाहीत. थेंब डॉक्टर सांगतील तितकेच आणि तोवर द्यायचे. थेंबांनी शी काळी होते, घाबरून बंद करू नका.

आहाराचं प्रात्यक्षिक मला सर्वांत आवडलं. मॅडमनी मऊ भात-मुगाची डाळ चमच्यानं घोटली, तूप घातलं आणि चमचा तिरका केला. अन्न ओघळलं नाही. इतकं दाट हवं. डाळीचं नुसतं पाणी नको. नाचणीचं पीठ मोड आणून केलेलं असेल तर खीर कमी पाण्यातही सैल राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. मी वर्षानुवर्षं मोड आणत आले, त्यामागचं कारण एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभर मीठ, साखर, मध नाही. आईचं दूध चालूच.

उष्टावणीचा प्रश्न घरात होताच. विहीणबाईंना सातव्या महिन्यात हवी होती, मामाला रजाही तेव्हाच मिळत होती. मुलीची उष्टावण आमच्याकडे विषम महिन्यात करतात. करेक्टेड सहा पूर्ण झाले तेव्हा नातीला नववा लागला होता, म्हणजे रीतही सांभाळली गेली. मामानं चांदीच्या वाटीतली खीर बोटानं चाटवली. बिनसाखरेची, खारीक उकळून वाटून घातलेली.

आता उणिवा. बसायला बाकडी कमी आहेत, आणि स्तनपानासाठी आडोसा पडद्याचा, तोही अपुरा. लांबून एसटीनं येणाऱ्या बाळंतिणीला हे फार जड जातं. आमच्या केंद्रात वाचा-उपचार तज्ज्ञाची जागा बरेच दिवस रिकामी होती. गिळायचे उपचारही हेच तज्ज्ञ करतात, त्यामुळे ज्या बाळांना गिळायला त्रास होतो त्यांची फरपट होते, आणि ही गोष्ट मला मनापासून लागते. जागा भरायलाच हवी. सल्ला कागदावर मराठीत छापून मिळत नाही, सूनबाईंनी तो वहीत लिहून घेतला.

पाचपैकी चार तारे. जाताना डिस्चार्ज कार्ड न्याच, त्यावर बाळ किती आठवड्यांचं जन्मलं ते लिहिलेलं असतं आणि सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. सकाळी लवकर पोचा, बाळाचं दूध झालेलं असू द्या, म्हणजे मान आणि बसणं तपासताना ते रडणार नाही.