जुना लॅपटॉप: घरी उघडायचा, दुकानात द्यायचा की बदलायचा?

डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या घरी दोन लॅपटॉपांचं काय करायचं ते एकदमच ठरवावं लागलं. एक माझा, २०१४ सालचा, इंटेल कोअर आय५ चौथ्या पिढीचा. दुसरा भाचीचा, २०१९ सालचा, आय५ आठव्या पिढीचा. मी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरातून छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, भाची इंजिनिअरिंगला आहे. तक्रार दोघींची एकच: बटण दाबून कुकर लावून यावं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच आहे. उत्तरं मात्र वेगळी निघाली. माझा मी घरी उघडला, तिचा एम. जी. रोडवरच्या दुकानात दिला, आणि नवा दोघींनीही घेतला नाही. तुमच्यापुढेही हेच तीन रस्ते असतील तर आमचा हिशोब कामी येईल.

वय विचारू नका, आत काय आहे ते बघा

लॅपटॉप दाखवला की जो तो विचारतो, "किती वर्षं झाली?" त्याऐवजी आधी विचारा की आत फिरणारी हार्ड डिस्क आहे का. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर जा. एचडीडी (फिरणारी हार्ड डिस्क) की एसएसडी (चिपांवर साठवणारी डिस्क) ते तिथेच लिहिलेलं असतं. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय सुई सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फायली ती सेकंदाला शंभराच्या आतच वाचू शकते. विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशोबाने करते. पेटीवर छापलेला सेकंदाला ५५० एमबीचा वेग सगळे बघतात, पण रोजच्या वापरात जो फरक जाणवतो तो या छोट्या फायलींचा. माझं मशिन आधी अडीच मिनिटांनी कामाला लागायचं, आता वीस सेकंदांत लागतं. प्रोसेसर तोच आहे.

दुसरी पाहणी रॅमची. त्याच टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर गेलं की किती खाचा भरलेल्या आहेत ते दिसतं. पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते, ती वाढवता येत नाही. भाचीच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी अशीच पक्की होती, पण शेजारी एक खाच मोकळी होती. माझ्यात दोन खाचा, त्यातली एक रिकामी.

तिसरी गोष्ट विंडोजची, आणि आमच्या दोघींचे रस्ते इथेच वेगळे झाले. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते. भाचीचा लॅपटॉप त्यात बसतो, माझा बसत नाही. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. माझ्या मशिनची विंडोजवरची मुदत तेवढीच. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली त्याच्यावर छान चालेल, मराठी टायपिंगही होईल, पण माझं सगळं काम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आणि टॅलीला विंडोज लागतं.

म्हणून मी एक कसोटी ठेवली: हा लॅपटॉप उद्या बंद पडला तर यात घातलेल्या वस्तूंपैकी माझ्याकडे काय उरेल? अडीच इंची साटा एसएसडी (साध्या हार्ड डिस्कच्याच जागी आणि जोडणीत बसणारी) उरते. शंभर-दोनशेच्या यूएसबी केसिंगमध्ये घातली की बाहेरून लावायची डिस्क होते. डीडीआर३एल ही जुन्या प्रकारची रॅम पुढच्या कुठल्याच मशिनला लागत नाही. जुन्या मशिनची बॅटरी तर त्याच मशिनबरोबर जाते. त्यामुळे मी एसएसडी नवी घेतली, ४ जीबी रॅम वापरलेली घेतली, आणि तास-सव्वा तास टिकणारी बॅटरी तशीच राहू दिली.

घरी उघडणं: दोन पायऱ्या, दोन वेगळे धोके

"घरी उघडला" असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळी कामं आहेत. माझ्या लॅपटॉपच्या पोटाशी एक छोटं झाकण आहे. एक स्क्रू काढला की रॅम आणि डिस्क समोर. बॅटरी बाहेरून कळ सरकवून निघते. ती काढायची, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, मग हात घालायचा. डिस्क तिच्या पत्र्याच्या चौकटीतून काढून एसएसडी त्याच चौकटीत बसवली. रॅमचा तुकडा तिरका खोचून खाली दाबला, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक्क आवाज आला. अर्ध्या तासाचं काम. ज्याला मिक्सरचं भांडं नीट बसवता येतं त्याला हे जमतं, आणि एवढ्यासाठी मजुरी द्यायची गरज नाही.

दुसरी पायरी पंख्यापर्यंत जाण्याची. त्यासाठी अख्खं मशिन उतरवावं लागलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लॅपटॉपची आकृती काढून, जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीने लावत गेले. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो वरच्या कव्हरला आतून टेंगूळ आणतो, नाहीतर बोर्डात घुसतो. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले होते. कव्हर हलेना म्हणून जोर लावण्याआधी थांबले ते बरं झालं. क्लिपा सोडवायला जुनं प्लास्टिकचं कार्ड वापरलं. लोखंडी टोक घातलं असतं तर कडा खरवडल्या असत्या.

तरीही नुकसान झालंच. कीबोर्डची पट्टीसारखी केबल ज्या खाचेत बसते, तिच्यावर नखाएवढी काळी पट्टी असते. ती उभी उचलायची असते. मी ती मागे ओढली आणि एका बाजूने निखळली. ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने भिंगाखाली ती पुन्हा बसवून दिली, पण दोन दिवस बाहेरचा कीबोर्ड लावून काम करावं लागलं. घरी करणार असाल तर अशा प्रत्येक केबलचा आधी जवळून फोटो काढा आणि पट्टी वर उचलायची की बाहेर सरकवायची हे ओळखल्याशिवाय हात लावू नका.

पंख्याच्या तोंडाशी जे निघालं ते बघून मात्र श्रम वसूल झाले. तांब्याच्या पातळ पात्यांवर राखाडी धुळीचा थर असा बसला होता की चिमट्याने धरून तो घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. आमच्या बाजूला सारखी बांधकामं चालू, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या; अकरा वर्षं हवा त्यातून जात होती, किंबहुना जात नव्हती. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता बाहेर न्यायला लावलेली पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून तांदळाच्या दोन दाण्यांएवढी नवी लावली. मे महिन्यात मांडीवर ठेवता येत नव्हतं ते मशिन आता हिशेब लिहिताना कोमटही होत नाही.

एक सावधगिरी आपल्याकडच्या थंडीची. डिसेंबर-जानेवारीत निफाडपासून नाशिकपर्यंत हवा कोरडी असते, लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या चटचटतात. तीच वीज रॅमची चिप मारू शकते. स्वेटर-शाल काढून ठेवा, सतरंजीवर बसू नका, लाकडी टेबलावर काम करा आणि दर थोड्या वेळाने नळाच्या धातूला हात लावून या. पावसाळ्यात हा त्रास कमी.

माझा खर्च: २५६ जीबीची साटा एसएसडी ₹२,३००, वापरलेली रॅम ₹६००, स्क्रूड्रायव्हरचा संच ₹३५०, पेस्ट ₹२००. रॅम घेताना तुकड्यावर १.३५ व्होल्ट लिहिलेलं आहे ना ते पाहा. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एल लागते, १.५ व्होल्टची जुनी डीडीआर३ दिसायला तशीच, बसतेही तशीच, पण मशिन सुरू होत नाही.

दुकानात देणं: कशासाठी, आणि देताना काय सांगायचं

भाचीचा लॅपटॉप दिसायला सोपा होता. नवा, पातळ, एम.२ ची (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसते ती) मोकळी खाच. "मावशी, तुझा केलास तसा माझापण कर ना," असं तिने म्हटलंही. पण झाकण उघडताना डाव्या बिजागरीपाशी कव्हर फाकत होतं आणि टचपॅड किंचित वर आलेला होता. टचपॅड वर येणं म्हणजे बहुतेक वेळा त्याखालची बॅटरी फुगलेली असणं. अशा बॅटरीला स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं तर ती पेट घेऊ शकते. घरी करण्याचं हे काम नाही, मग हात कितीही सफाईदार असो. चार्जिंगही त्याच दिवशी बंद केलं. बिजागरीचंही तेच. तिचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नळ्यांत बसतात. त्या प्लास्टिकमधून उखडल्या की घरगुती गोंद महिनाभरही टिकत नाही.

दुकानात बिजागरी ₹१,२००, बॅटरी ₹२,८००, एसएसडी बसवून विंडोज ११ टाकायची मजुरी ₹५००, वर ५१२ जीबीची एनव्हीएमई (साटाहून वेगवान प्रकारची) एसएसडी आणि ८ जीबी रॅम. सगळं मिळून साधारण ₹१२,०००. रॅम सप्टेंबरात विचारली होती तेव्हा बरीच स्वस्त होती. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी एआयच्या सर्व्हरांकडे मोर्चा वळवल्यापासून भाव चढले आहेत, त्यामुळे घ्यायचीच असेल तर दोन-तीन ठिकाणी विचारा.

दुकानात द्यायच्या आधी आम्ही चार गोष्टी केल्या, आणि घरी व दुकानात यांतला खरा फरक मला इथे दिसतो. घरी तुमच्या फायली घराबाहेर जात नाहीत. दुकानात मशिन दोन रात्री परक्याच्या टेबलावर असतं. म्हणून फायलींची प्रत काढली आणि ब्राउझरमधले पासवर्ड पुसले. डिस्कला कुलूप लावणारा विंडोजचा बिटलॉकर चालू होता, त्याची रिकव्हरी की वहीत लिहून घेतली. ती हाताशी नसेल आणि मशिनने मागितली तर स्वतःच्याच फायली उघडता येत नाहीत. आणि जुनी डिस्क परत हवी असं काउंटरवरच सांगून पावतीवर लिहून घेतलं. एसएसडीचा सिरियल नंबर बिलावर असला की पुढे वॉरंटी मागणं सोपं जातं. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर टाकून ती किती तास चालली आहे ते पाहिलं. नवी असेल तर आकडा अगदी लहान दिसतो.

एनव्हीएमई घ्यायची की साटा? खाच दोन्हींना सारखीच दिसते, पण काही लॅपटॉपांची एम.२ खाच फक्त साटा चालवते. मॉडेलच्या माहितीत ते तपासा. वेग कागदावर सहा-सात पट दिसतो, पण वर्ड, ब्राउझर, टॅलीत तो जाणवत नाही. हार्ड डिस्कवरून साटावर येताना जी उडी लागते, ती साटावरून एनव्हीएमईवर जाताना लागत नाही.

नवा, किंवा कुणीतरी वापरून सोडलेला

बोर्ड गेला असेल, पडदा आणि बिजागरी दोन्ही गेली असतील, किंवा रॅम ४ जीबी पक्की असून खाचच नसेल, तर जुन्यात पैसे घालू नका. नवा बरा लॅपटॉप डिसेंबर २०२५ मध्ये पन्नास हजारांच्या आसपास जात होता. घेताना रॅम वाढवता येते का हे आधी विचारा, कारण आज ८ जीबी पक्की असलेला घेतला तर चार वर्षांनी हीच वेळ येईल.

कंपन्यांनी सोडलेले, दुरुस्त करून विकले जाणारे ऑफिसचे लॅपटॉप मला नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा उजवे वाटतात. सांगाडा दणकट, मागचं कव्हर सहज निघणारं, सुटे भाग मिळणारे. आठव्या पिढीच्या खालचा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दुकानातच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आताची क्षमता) असे दोन आकडे येतात; दुसरा पहिल्याच्या निम्मा असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

माझं टॅली सप्टेंबर २०२६ पर्यंत अशाच एखाद्या मशिनवर हलवायचं ठरलं आहे, विंडोज १० ची मुदत संपायच्या महिनाभर आधी. त्यानंतर २०१४ च्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून तो आईला देणार आहे. तिला यूट्यूबवर कीर्तनं ऐकायची असतात आणि पुण्याच्या नातवाशी व्हिडिओवर बोलायचं असतं. भाचीची फुगलेली बॅटरी दुकानदाराने ई-कचऱ्यासाठी ठेवून घेतली. तुमच्याकडे तशी निघाली तर घंटागाडीत टाकू नका. दोन्ही जुन्या हार्ड डिस्क आता केसिंगमध्ये आहेत. एकीवर दर शनिवारी हिशेबांची प्रत जाते, दुसरी भाचीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नेली.