आफ्रिकेतील अवर्षणसहनशील मका बियाणे: एक परीक्षण

पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत मका हे रोजचे मुख्य अन्न असून त्याची लागवड बहुतांशी कोरडवाहू आहे. त्यामुळे 'सिमिट' (आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्र) आणि 'आयआयटीए' (आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्था) या संस्थांनी आफ्रिकेतील 13 देशांसाठी विकसित केलेल्या अवर्षणसहनशील वाणांचे मोल तिथल्या लहरी पावसाच्या कसोटीवरच ठरवावे लागते. मक्याला पाण्याचा ताण सर्वाधिक भोवतो तो फुलोऱ्यात. तुरा वेळेवर येतो, परंतु कणसाचे स्त्रीकेसर उशिरा बाहेर पडतात, परागीभवन हुकते आणि कणसे दाण्यांविना राहतात. वाण निवडताना हे अंतर कमी ठेवण्यावर भर दिला गेला, आणि माझ्या मते हाच या बियाण्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

उष्णतेबाबत मात्र सावध राहावे. आफ्रिकेतील चाचण्यांवर आधारलेल्या 2011 मधील एका अभ्यासानुसार 30 अंश सेल्सिअसच्या वर गेलेला प्रत्येक अंश-दिवस (म्हणजे दिवसभर तापमान या मर्यादेपेक्षा एक अंश जास्त राहणे) उत्पादन सुमारे 1 टक्क्याने, तर अवर्षणात 1.7 टक्क्यांनी घटवतो. अवर्षण सोसणारे वाण उष्णताही सोसेलच असे नाही, हे विक्रेत्यांनी शेतकऱ्यांना स्पष्ट सांगायला हवे. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, हा लहान शेतकऱ्यावरचा भार मला विशेष खुपतो. मुक्त परागित, म्हणजे नैसर्गिक परागीभवनातून बी धरणाऱ्या, वाणांचे बियाणे निदान घरी राखता येते.

2024 मध्ये झांबियाला दुष्काळामुळे राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. पावसाने इतकी दीर्घ ओढ दिल्यावर कोणतेही बियाणे पुरे पडत नाही. मध्यम खंड पडणाऱ्या भागांसाठी मात्र मी या वाणांची निःसंकोच शिफारस करतो.